भुकेची नोंद कोणत्या रकान्यात?



अहवालाच्या आधीच्या पृष्ठांवर रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, प्रसूती, प्रयोगशाळेतील तपासण्या आणि जमाखर्च यांचे तक्ते आपण पाहिले असतील. या तक्त्यांमध्ये एक रकाना नाही आणि तो बहुधा कोणत्याच रुग्णालयाच्या अहवालात नसतो. तो रकाना भुकेचा. ‘भूक’ हे निदान म्हणून केसपेपरवर लिहिले जात नाही. भूक रुग्णालयात येते ती रक्तक्षय, क्षयरोग, कमी वजनाचे नवजात बालक, न थांबणारे जुलाब किंवा भरून न येणारी जखम या नावांनी. त्यामुळे आपल्या कागदोपत्री रोग दिसतो, रोगामागचे रिकामे ताट दिसत नाही.

आपल्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकजण सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतून येतात. त्यांच्या भुकेचे स्वरूप काय, ती कोणत्या मार्गाने घरात शिरते, आजवर समाजाने व शासनाने तिला कसे तोंड दिले आणि एका धर्मादाय रुग्णालयाचे त्यात नेमके काम कोणते, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. लेखाच्या अखेरीस एक विनंती आहे. तिच्यामागील कारण ध्यानी यावे यासाठी ही पार्श्वभूमी थोडी विस्ताराने मांडीत आहोत.

एका जिल्ह्यातील दोन पाऊस

सातारा आणि सांगली हे जिल्हे बाहेरच्या माणसाला सधन वाटतात आणि ते गैर नाही. कृष्णा, कोयना व वारणा या नद्या, ऊस, हळद व द्राक्षे, सहकारी साखर कारखाने, शिक्षणसंस्था, मिरजेसारखे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र अशी या भागाची ओळख आहे. कोयनेचे १०५ टीएमसी क्षमतेचे धरण सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या म्हसवडकडे आल्यास मात्र पावसाचा सरासरी आकडा पाचशेच्या आसपास उतरतो आणि तोही भरवशाचा नसतो.

माण आणि खटाव हे साताऱ्याचे, तर आटपाडी, जत, कवठे महांकाळ व खानापूर हे सांगलीचे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील माणसाने अवर्षण गृहीत धरूनच आपले जीवन बसविले. मेंढरे घेऊन धनगर बांधव कोकणाच्या व नदीकाठच्या वाटेला लागले. माण-खटावचे तरुण मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी कामगार झाले. खानापूर-आटपाडीकडील कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात शिरून भारतभर पसरली. जत भागातील जोडपी ऊसतोडीसाठी कोयता घेऊन कारखान्यांच्या फडात जातात. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ या १९५५ मधील कादंबरीचा शेवटही दुष्काळात ओस पडणाऱ्या गावानेच होतो. स्थलांतर ही या भागाची सवय नव्हे, तर त्याची पहिली विमा योजना आहे.

एप्रिल २०१६ मध्ये या दोन पावसांचे चित्र सर्व देशाने पाहिले. लातूर शहराची पाणीटंचाई निवारण्यासाठी मिरज स्थानकातून कृष्णेचे पाणी रेल्वेने पाठविण्यात आले. प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. ते काम उत्तम झाले, सर्वांनी त्याचे कौतुक केले. त्याच दिवसांत त्याच सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीकडील गावे टँकरची वाट पाहत होती. जिल्ह्याची सरासरी चांगली असली म्हणजे तालुक्याची स्थिती चांगली असतेच असे नाही. आणि तालुक्याच्या सरासरीत एखाद्या वाडीवरील भूमिहीन कुटुंब दिसत नाही.

धान्य असते, मजुरी नसते

दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. दुष्काळात अनेकदा बाजारात धान्य असते, परंतु ते विकत घेण्याची ऐपत संपलेली असते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे उदाहरण घेऊन हेच दाखविले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ पडला नव्हता. मेले ते शेतमजूर, मच्छीमार, कारागीर. त्यांच्या श्रमाचा भाव आणि तांदळाचा भाव यांतील नाते तुटले होते.

आम्ही वाणिज्य शाखेतून या क्षेत्रात आलो असल्याने ही गोष्ट ताळेबंदाच्या भाषेत अधिक स्पष्ट होते असे वाटते. शेतकरी वा शेतमजुराच्या घरालाही एक ताळेबंद असतो. जमेच्या बाजूला कणगीतील ज्वारी, दोन शेळ्या, एखादी खिलार जोडी वा दुभते जनावर, बायकोच्या गळ्यातील बोरमाळ आणि घरातील धडधाकट माणसांचे हात. नावे बाजूला सावकाराचे, सोसायटीचे वा बचत गटाचे कर्ज. पाऊस हुकला की प्रथम शेतातील मजुरी बंद पडते, कारण पेरणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही. कणगीतील धान्य संपते. मग घर आपले भांडवल खाऊन जगू लागते.

याचाही एक क्रम असतो. आधी ताटातील कालवण पातळ होते. डाळ, तेल, दूध आणि भाजी जाते, भाकरी राहते. मग दोन वेळच्या भाकरीची दीड वेळ होते, आणि त्यात घरातील बाईची वेळ प्रथम कमी होते. त्यानंतर दागिना गहाण पडतो, शेळी विकली जाते. सर्वांत शेवटी बैल किंवा गाय बाजाराला निघते. येथे एक क्रूर व्यवहार घडतो. एकाच महिन्यात सर्व गावे जनावरे विकावयास आणतात, त्यामुळे जनावराचा भाव पडतो. आणि सर्वांनाच धान्य व चारा विकत घ्यावयाचा असल्याने त्यांचा भाव चढतो. एरवी ज्या किमतीत वर्षभराचे धान्य आले असते, तीत चार महिन्यांचेही येत नाही. पुढल्या वर्षी पाऊस चांगला पडला तरी त्या घराकडे नांगरास बैल नसतो. कागदावर दुष्काळ एका वर्षाचा असतो, घराच्या ताळेबंदात तो कैक वर्षे राहतो.

एक पौंड धान्याची मजुरी

आपल्या भागाला दुष्काळ नवा नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण अजूनही बोलण्यात येते. जतच्या शेजारच्या मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी सरकारी अंबारखाने भुकेल्यांसाठी खुले केल्याची कथा आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. परंतु दुष्काळातील मदतीचा जो इतिहास कागदपत्रांतून सांगता येतो, तो प्रामुख्याने १८७६-७८ च्या महादुष्काळापासून सुरू होतो. त्या दुष्काळात ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज पुढे दुष्काळ आयोगाने केला.

त्या वेळी मुंबई इलाख्यात सरकारने मदतीची कामे काढली. माणगंगेवरील म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव हे त्याच काळातील काम. आजही त्याचे पाणी शेतीला मिळते. परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून मजुरी घटविण्यात आली. धडधाकट पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढेच मिळू लागले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. त्यातून जेमतेम सोळाशे उष्मांक मिळतात. दिवसभर माती वाहणाऱ्या वा खडी फोडणाऱ्या पुरुषाला तीन हजारांहून अधिक लागतात. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय कारणे देऊन या मजुरीस कडवा विरोध केला. आपल्या इलाख्यात सुमारे लाखभर मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गावोगावची परिस्थिती गोळा करून सरकारपुढे मांडण्याचे काम सभेने केले, आणि त्या सभेचे धुरीण गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे जन्माने साताऱ्याचे.

या प्रकरणातून रुग्णालयाने घ्यावयाचा बोध असा, की मदत दिली एवढ्याने काम भागत नाही. ती शरीराला पुरते की नाही, याचा हिशेब करावा लागतो. तो हिशेब वैद्यकाने करावयाचा असतो. डॉ. कॉर्निश यांनी तो केला.

विसापूरहून आलेली हमी

दुसरा मोठा टप्पा १९७२ चा. सलग कमी पावसाच्या वर्षांनंतर १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात पिके मोठ्या प्रमाणावर बुडाली. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव आमच्या आधीच्या पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. खडी फोडणे, नाला बंडिंग, पाझर तलाव, रस्ते अशी कामे राज्यभर निघाली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, गावे उठली. परंतु १८७७ सारखी मोठ्या प्रमाणावर माणसे मेली नाहीत. पाऊस दोन्ही वेळी हुकला होता. फरक पडला तो मागेल त्याला मिळणाऱ्या कामाने आणि रेशनच्या धान्याने.

या कल्पनेचे बीज आपल्या परिसरात रुजले याचा आपण अभिमान बाळगावा. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. १९१० मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपले म्हणावे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रथम प्रयोग केला. राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, असे त्याचे सूत्र होते. काम ही दया राहिली नाही, तो हक्क झाला. पुढे २००५ मध्ये संसदेने संपूर्ण देशासाठी याच धर्तीचा कायदा केला.

या योजनेसाठी पैसा कोठून आला, हे आमच्या कर्मचाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला, तो प्रामुख्याने या हमीसाठी. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात अनेकांना दिसते, तिचे मूळ तेथे आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील हाताला काम मिळावे म्हणून थोडा वाटा उचलावा आणि तितकीच भर राज्याने घालावी, असा तो विचार होता. त्या कपातीकडे पाहून कुरकुर करण्यापूर्वी माणच्या खडकावरील पाझर तलाव आठवावा, एवढीच विनंती.

यानंतरच्या काळात उपसा सिंचनाच्या ताकारी, म्हैसाळ व टेंभू या योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे पोहोचू लागले. ते केवळ अभियंत्यांच्या नकाशांमुळे आले नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी, समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरणाऱ्या कष्टकऱ्यांनी ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहिल्या. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चालविलेली छावणी अनेकांनी पाहिली असेल. जनावरासाठीची छावणी माणसाच्या भुकेवरचा उपाय कसा, असे काहींना वाटते. वर सांगितलेला ताळेबंद ध्यानी घेतल्यास उत्तर सापडते. छावणीतील चारा गाईला वाचवितो, आणि वाचलेली गाय घराला कर्जापासून वाचविते.

जाहीर होण्यापूर्वीचा काळ

१८७८ मध्ये नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ ओळखण्याची जी लक्षणे त्या काळी अधिकाऱ्यांना सांगण्यात आली, त्यांत धान्याचे चढे भाव, सावकारांनी आखडलेला हात आणि लोकांचे नेहमीपेक्षा वेगळे भटकणे ही होती. माणसे मरू लागण्याची वाट पाहू नये, हा त्यामागील शहाणपणा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाची इंग्रजी संज्ञाच वगळली आणि तिच्या जागी ‘टंचाई’चा शब्द आणला. शासन आता कोणास भुकेने मरू देणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. परंतु शब्द गेला म्हणून स्थिती जात नाही. पिकांची पैसेवारी, ५० पैशांची मर्यादा, पर्जन्यमापकांची नोंद, आणि आता उपग्रहाद्वारे घेतलेले निर्देशांक, या सर्व वाटा पार करून टंचाई जाहीर होईपर्यंत घरातील शेळी विकली गेलेली असते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. सोमालियामध्ये जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला. नंतर झालेल्या अभ्यासानुसार त्या आपत्तीत सुमारे २ लाख ६० हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती; आणि जवळपास निम्मे मृत्यू जाहीर होण्यापूर्वीच घडून गेले होते. आपली स्थिती तितकी भीषण नाही, याचे श्रेय वर वर्णिलेल्या व्यवस्थांना आहे. तथापि मदत उशिरा पोहोचण्याचे कारण सर्वत्र सारखेच असते. कागद तयार होण्यास वेळ लागतो, भुकेला लागत नाही.

भूक रुग्णालयात कशी येते

आता आपल्या वॉर्डाकडे वळू. आपल्या भागात आज धान्याअभावी मृत्यू होत नाहीत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) पात्र व्यक्तीस दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यामुळे पोट बऱ्याच अंशी भरते. परंतु शरीर घडविणारी डाळ, दूध, अंडी, भाजी यांचा प्रश्न उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोड होती. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. ही दुष्काळाच्या वर्षाची आकडेवारी नव्हे, ही नेहमीची शिल्लक आहे. तीवर दुष्काळाचे वर्ष येऊन पडते.

त्याची लक्षणे आमच्या परिचारिका व डॉक्टर ओळखतात. टंचाईच्या महिन्यांत टँकरच्या व साठविलेल्या पाण्यामुळे जुलाब वाढतात. गर्भवती स्त्री डोक्यावर हंडा घेऊन लांब चालते, कमी खाते, आणि बाळाचे वजन अडीच किलोच्या खाली भरते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे मूल अंगणवाडीच्या वजनकाट्यापासून सहा महिने दूर राहते. क्षयरोग्याला औषध मोफत मिळते, पण पाकिटावर लिहिलेले ‘जेवणानंतर’ हे शब्द जेवण आहे असे गृहीत धरतात. शासनाने एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णांस पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये केली. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, क्षयरुग्णाच्या घरातील इतरांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यात नव्याने होणारा क्षयरोग सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अन्न हे येथे दान नसून प्रतिबंधक उपचार आहे.

एक वैद्यकीय खबरदारी सर्व हितचिंतकांना सांगणे आवश्यक वाटते. दीर्घ काळ उपाशी राहिलेल्या माणसास वा तीव्र कुपोषित बालकास एकदम भरपेट, गोडधोड खाऊ घालणे धोक्याचे असते. अशा शरीरातील क्षारांचे प्रमाण झपाट्याने बिघडून हृदय बंद पडू शकते. म्हणून पहिले काही दिवस थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अन्न द्यावे लागते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजावे व विलंब न लावता रुग्णालयात आणावे. एक साधी मोजपट्टी त्यास पुरते.

देयक हाही दुष्काळच

दुष्काळी घरावर आजारपण ओढवले म्हणजे आमच्या रोखपालाच्या खिडकीशी त्याच्या ताळेबंदाची अखेरची बेरीज होते. पावसाने जे नेले नाही ते रुग्णालयाचे देयक नेऊ शकते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेक शस्त्रक्रियांचा भार उचलला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु जतहून येण्याजाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबतच्या नातेवाइकाचे जेवण आणि छावणीतील जनावराकडे कोण पाहणार हा प्रश्न, यांपैकी काहीच कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. म्हणूनच टंचाईच्या दिवसांत रुग्ण उशिरा येतात आणि लवकर घरी सोडण्याची विनंती करतात.

यास्तव आम्ही दाखल होणाऱ्या रुग्णाच्या नोंदीत तीन साधे प्रश्न ठेवले आहेत. घरात मजुरीचा शेवटचा दिवस केव्हा मिळाला? रेशन कार्डावरील धान्य गेल्या महिन्यात उचलले का? या आजारासाठी वा त्याआधी काही विकले किंवा गहाण ठेवले का? हे प्रश्न समाजसेवा विभागातील कर्मचारी आडोशाला बसून, आदराने विचारतात. उत्तरांवरून देयकाची सवलत ठरविण्यास साहाय्य होते, आणि कोणत्या गावांकडे त्रास वाढतो आहे हेही पैसेवारी जाहीर होण्यापूर्वी ध्यानी येते. दुसरे म्हणजे, रुग्णासोबतच्या एका नातेवाइकास आपल्या स्वयंपाकगृहातून जेवण देण्याची व्यवस्था आहे. हे औदार्य नव्हे. नातेवाइकास जेवण न दिल्यास रुग्णाचे ताट दोघांत वाटले जाते आणि आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेली प्रथिने अर्धीच पोटात जातात.

आता निधीविषयी. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ क-क अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. योजना उत्तम आहे. परंतु तिच्या गणितात दुष्काळी भागासाठी एक अडचण दडलेली आहे. निधी देयकांच्या प्रमाणात वाढतो; आणि टंचाईच्या वर्षी ऐपतीचे रुग्णही शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, त्यामुळे देयके घटतात. म्हणजे गरज वाढते त्याच वर्षी निधीची आवक कमी होते. नियमाचे पालन चोख करूनही ही तफावत उरते, कारण ती नियमाची नसून पावसाची आहे.

आपल्या पूर्वजांना अशी तफावत ठाऊक होती. म्हणून सुगीच्या वर्षी जमिनीत पेव खणून त्यात ज्वारी साठवीत आणि वाईट वर्षी ते उघडीत. रुग्णालयासही असे एक पेव हवे आहे. विश्वस्तांच्या मान्यतेने स्वतंत्र ‘दुष्काळ राखीव निधी’ उभारण्याचा आमचा प्रस्ताव आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी त्यात भर घालावी आणि टंचाईच्या वर्षी तो केवळ तीन कारणांसाठी खर्च करावा: पूर्वेकडील तालुक्यांतील रुग्णांचे प्रवासभाडे, रुग्ण व सोबतीचा आहार, आणि घरी परतताना एका महिन्याचा डाळ, शेंगदाणे, गूळ व तेल यांचा शिधा. या निधीचा जमाखर्च स्वतंत्र ठेवून, लेखापरीक्षकांच्या तपासणीनंतर, प्रतिवर्षी याच अहवालात छापला जाईल.

देणगीदारांनी आजवर आपल्या रुग्णालयास यंत्रे दिली, खाटा दिल्या, खोल्या बांधून दिल्या. त्यांची नावे भिंतीवरील फलकांवर आहेत आणि ती तेथे शोभतात. शिध्याच्या पिशवीवर नाव कोरता येत नाही. परंतु त्या पिशवीमुळे एखाद्या घरची गाय दावणीला राहिली, एखाद्या मातेचे दूध आटले नाही, एखाद्या क्षयरुग्णाने औषध मध्येच सोडले नाही, तर त्याची नोंद आमच्या नव्या रकान्यात होईल. पुढील वर्षीच्या अहवालात तो रकाना आम्ही आपणांपुढे ठेवू.



आपले विनम्र,
रुग्णालय प्रशासन